घरात शिरणारे ढालकिडे : परिसर अभ्यासाचा एक पाठ

माघ महिन्याच्या अखेरीस पैठण तालुक्यातील गोदाकाठच्या एका द्विशिक्षकी शाळेस भेट देण्याचा योग आला. वर्गात पाऊल टाकताच असे दिसले की, मुलांचे लक्ष फळ्याकडे नसून खिडकीकडे आहे. चुन्याने रंगविलेल्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर आणि गजांवर अर्ध्या वाटाण्याएवढे तांबूस-पिवळे किडे फिरत होते. मोजले असते तर साठ-सत्तर सहज भरले असते. मुख्याध्यापक काहीसे संकोचून म्हणाले, "साहेब, चार दिवसांपासून हा उपद्रव चालू आहे. घरीही तीच गत. आज शेजारच्या शेतातून औषध मागविले आहे. मधल्या सुट्टीत फवारून टाकतो." ते 'औषध' म्हणजे कपाशीवर फवारावयाचे कीटकनाशक होते, आणि त्याची अर्धी भरलेली बाटली शालेय पोषण आहाराच्या खोलीत, तेलाच्या डब्याशेजारी ठेवलेली होती.

प्रथम ती बाटली मोठ्या माणसाच्या हाती देऊन ज्याची त्यास परत केली. मग मुलांकडे वळून विचारले, "हा किडा कोणी पूर्वी पाहिला आहे काय?" चौथीतील एक मुलगी उभी राहून म्हणाली, "हे तर आमच्या करडईत लई असतेत. काई करीत नाहीत ते." त्या मुलीने जे सांगितले, तेच या लेखाचे सार आहे. गुरुजींना जे ठाऊक नव्हते ते तिला ठाऊक होते. मात्र तिला कोणी विचारले नव्हते. घरात किंवा वर्गात अनोळखी किडा आला म्हणजे प्रथम त्याची ओळख करून घ्यावी आणि उपाय त्यानंतर योजावा, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

ढालकिड्याची ओळख

या किड्याची पाठ ढालीसारखी फुगीर व पोट सपाट असते, म्हणून त्यास ढालकिडा म्हणतात. कृषी खात्याच्या पत्रकांत तो 'लेडीबर्ड बीटल' या नावानेही आढळतो. जगात याच्या सुमारे सहा हजार जाती आहेत. आपल्या शेतात सहज दिसणाऱ्या जाती दोन-तीनच. एकीच्या तांबड्या पाठीवर सात काळे ठिपके असतात; दुसरी पिवळसर-नारिंगी असून तिच्या पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असतात; तिसरीच्या नारिंगी पाठीवर आडवे काळे पट्टे दिसतात. ठिपके जितके तितकी किड्याची वर्षे, अशी मुलांची समजूत आढळते. ती खरी नाही. ठिपके जातीप्रमाणे ठरतात, वयाप्रमाणे वाढत नाहीत.

ढालकिड्याचे मुख्य अन्न मावा होय. करडईच्या शेंड्यावर काळा थर दिसतो, रब्बी ज्वारीच्या पानावर चिकटा पडतो, मोसंबीची कोवळी पालवी आकसते. त्या ठिकाणी मावा रस शोषीत बसलेला असतो. पूर्ण वाढ झालेला एक ढालकिडा दिवसाकाठी पन्नासच्या आसपास मावा खाऊ शकतो. त्याची मादी माव्याच्या जवळच, बहुधा पानाच्या खालच्या बाजूस, पिवळी लांबट अंडी उभी रचून घालते. तीन ते पाच दिवसांत अंड्यांतून अळी बाहेर पडते. ही अळी आईबापांसारखी मुळीच दिसत नाही. ती काळपट, लांबट व सहा पायांची असून तिच्या अंगावर नारिंगी किंवा पिवळे डाग असतात. लहानशी मगरच म्हणावी. दहा-पंधरा दिवस तीही मावाच खाते. नंतर पानास चिकटून ती कोष करते आणि चार ते सात दिवसांत कोषातून नवा ढालकिडा बाहेर येतो. हवा उष्ण असेल तर हे दिवस कमी, थंड असेल तर अधिक लागतात.

तो घरात का येतो ?

ढालकिडा घरात अन्नाच्या शोधात येत नाही. धान्य, कापड, लाकूड किंवा कागद हे त्याचे खाद्य नव्हे. तो नांगी मारीत नाही, रोग पसरवीत नाही. क्वचित हातावर बारीकसा चिमटा घेतो, इतकेच. पौष-माघात करडई व ज्वारी यांवर मावा भरपूर असतो, तेव्हा ढालकिड्यांचीही संख्या वाढते. पुढे पीक पक्व होऊन वाळू लागले की मावा नाहीसा होतो आणि पोसलेले ढालकिडे अन्नासाठी चहूकडे उडू लागतात. शाळा किंवा घर शेताला लागून असेल, रात्री दिवा जळत असेल व खिडकीस जाळी नसेल, तर त्यांपैकी काही आत शिरतात. म्हणजे घरातील ढालकिडे ही शेतातील बदलाची एक खूणच समजावी. काही दिवसांत त्यांची संख्या आपोआप कमी होते.

थंड देशांत मात्र हा प्रश्न अधिक मोठा आहे. आपल्या जिल्ह्यातील जी मुले शिकून अमेरिकेत किंवा इंग्लंडात नोकरीस गेली, त्यांच्यापैकी काहींना याचा अनुभव आला असेल. पूर्व आशियातील एका जातीचा ढालकिडा मावा खाण्यासाठी म्हणून १९१६ पासून अमेरिकेत वेळोवेळी मुद्दाम सोडण्यात आला. १९८८ साली लुइझियाना राज्यात तो कायमचा स्थिरावल्याचे आढळले, आणि २००४ साली तो इंग्लंडातही पोहोचला. हिवाळ्यापूर्वी उन्हात तापणाऱ्या फिकट रंगाच्या भिंतींवर हे किडे जमतात आणि फटींतून शेकड्यांनी, कधी हजारोंनी घरात शिरून थंडी संपेपर्यंत तेथेच राहतात. त्यांच्यामुळे काही माणसांना शिंका, खाज असा त्रास होतो. शिवाय तेथील मूळच्या ढालकिड्यांनाही त्यांनी मागे सारले आहे. एका ठिकाणचा उपकारक प्राणी पुरेसा विचार न करता दुसऱ्या ठिकाणी नेला तर काय घडते, याचे हे उदाहरण वरच्या वर्गांत अवश्य सांगावे. आपल्याकडे शेताच्या कडेने घरात येणारे ढालकिडे हे पाहुणे होत. ते असे ठाण मांडून बसत नाहीत.

घरी व शाळेत करावयाचे उपाय

किडे थोडे असोत वा पुष्कळ, पुढील साधे उपाय पुरेसे आहेत.

१. किडा चिरडू नये. दाबला जाताच तो पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतो. पक्ष्यांनी त्यास खाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही योजना आहे. भिंतीवर, कपड्यावर किंवा वहीवर त्याचा डाग पडतो. डाग पडल्यास साबणाच्या पाण्याने लगेच धुवावा.

२. मऊ केरसुणीने किंवा जाड कागदाने किडे हलकेच एखाद्या डब्यात गोळा करावेत. भिंतीवर एखादाच असेल तर त्यावर पेला उपडा ठेवून खालून पुठ्ठा सरकवावा.

३. गोळा केलेले किडे सायंकाळी, ऊन उतरल्यावर, मावा असलेल्या झाडावर सोडावेत. शाळेच्या परसबागेतील चवळी किंवा वाल, बांधावरील रुई, मोसंबीची नवी पालवी, ही ठिकाणे चांगली.

४. दिवेलागणीपूर्वी शेताकडील खिडक्या लावून घ्याव्यात. खिडकीजवळील दिवा शक्यतो बंद ठेवावा. खिडक्यांस बारीक जाळी बसविल्यास ढालकिड्यांबरोबर डासांचाही बंदोबस्त होतो.

५. चौकटीभोवतालच्या व छपराखालच्या फटी चुना, माती किंवा सिमेंटने बुजवाव्यात.

६. पिण्याचे पाणी व पोषण आहार झाकून ठेवावा. अन्नात किडा पडल्यास त्याच्या द्रवामुळे चव कडवट होते. तेवढा भाग काढून टाकावा.

७. किडे हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

या यादीत फवारणी नाही, याकडे शिक्षकबंधु-भगिनींनी विशेष लक्ष द्यावे.

'औषध' या शब्दाविषयी

आपल्या गावांत कीटकनाशकास सर्रास 'औषध' म्हटले जाते. हा शब्द मुलांच्या कानी पडतो तेव्हा त्याचा अर्थ त्यांना चांगला वाटतो. कारण औषध आजार बरा करते. वस्तुतः ते विष आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले मृत्युमुखी पडली. अन्न शिजविण्याच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतात वापरावयाचे कीटकनाशक मिसळलेले आढळले. आपल्याच राज्यात, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. उघड्या शेतात, मोठ्या माणसास जे विष मारू शकते, ते बंद खोलीत, जमिनीवर बसणाऱ्या मुलांच्या श्वासात आणि पाटीवर किती घातक ठरेल, याचा विचार करावा. शेताचे कीटकनाशक घरात किंवा शाळेत कोणत्याही किड्यासाठी वापरू नये, आणि स्वयंपाकाच्या खोलीत तर त्याची रिकामी बाटलीही ठेवू नये.

या निमित्ताने मुलांना एक उपयुक्त गोष्ट शिकविता येईल. कीटकनाशकाच्या वेष्टणावर एक चौकोन उभा कोपऱ्यावर टेकलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता दाखवितो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्याखालोखाल पिवळा, नंतर निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा अर्थ मात्र मुळीच नाही. या चौकोनाचे चित्र फळ्यावर काढून चारही रंग मुलांकडून पाठ करून घ्यावेत. प्रत्यक्ष बाटली वर्गात कधीही आणू नये. जी मुले घरी जाऊन आईवडिलांना हा रंग दाखवतील, त्यांनी परिसर अभ्यासाचा धडा खऱ्या अर्थाने गिरविला असे समजावे.

सारखे दिसणारे सारखे नसतात

"ढालकिडा मित्र आहे" एवढेच सांगून पाठ संपविला तर मुलांचे ज्ञान अपुरे राहील. त्याच कुळातील एपिलॅक्ना भुंगेरा वांग्यावर व कारल्यासारख्या वेलांवर येतो आणि पाने खातो. त्याची ओळख अशी : रंग मळकट तपकिरी-पिवळा, अंगावर चकाकीऐवजी बारीक लव, पाठीवर पुष्कळ लहान ठिपके, एका जातीत तर अठ्ठावीस. त्याची अळी पिवळी व काटेरी असते. तो जेथे बसला असेल तेथील पानातील हिरवा भाग खरवडलेला दिसतो व पानाची जाळी होते. परसबागेत तो आढळल्यास अंडी, अळ्या व भुंगेरे हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत.

दुसरा सावधगिरीने ओळखावयाचा कीटक म्हणजे हिंगा. तो ढालकिड्याहून बराच मोठा व लांबट असतो. एका जातीच्या काळ्या अंगावर तांबडे-नारिंगी पट्टे असतात, आणि तो तुरीच्या व भेंडीच्या फुलांवर दिसतो. त्याच्या अंगातील द्रव त्वचेस लागल्यास फोड येतात. मुलांनी त्यास हात लावू नये. घरातील कणगीत किंवा पोत्यात सापडणारे बारीक तपकिरी किडे हे धान्यातील सोंडे व भुंगेरे होत. त्यांच्यासाठी धान्य उन्हात वाळविणे हा उपाय आहे. रंग, आकार, चकाकी, ठिकाण आणि खाणे या पाच गोष्टी पाहिल्याशिवाय कोणत्याही किड्यास मित्र किंवा शत्रू म्हणू नये.

ढालकिड्यांच्या मैत्रीचा इतिहासही बोधप्रद आहे. कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा एका रसशोषक खवलेकिडीने उजाड होऊ लागल्या, तेव्हा १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून एका जातीचे ढालकिडे आणून सोडण्यात आले आणि थोड्याच काळात त्या बागा वाचल्या. तीच खवलेकीड निलगिरीत आली तेव्हा १९३० च्या सुमारास त्याच ढालकिड्याची मदत आपल्या देशानेही घेतली. क्रिप्टोलिमस नावाचा आणखी एक ऑस्ट्रेलियन ढालकिडा १८९८ साली भारतात आणला गेला. पिठ्या ढेकणाच्या बंदोबस्तासाठी तो आजही द्राक्ष व सीताफळाच्या बागांत सोडला जातो. दौलताबादचे सीताफळ खाणाऱ्या आपल्या मुलांना ही माहिती दूरची वाटणार नाही. क्रिप्टोलिमसची अळी पांढऱ्या मेणाच्या धाग्यांनी झाकलेली असते व हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. म्हणून अजाण माणूस तिलाच कीड समजून मारून टाकतो.

अशी चूक प्रस्तुत लेखकाच्या हातूनही घडली आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी, नुकताच शिक्षक झालो असता, शाळेच्या बागेतील चवळीवर काळ्या, डागाळ अळ्या दिसल्या. त्या कोणाच्या, हे मला ठाऊक नव्हते. पण अळी म्हणजे कीड, अशी माझी खात्री होती. मी मुलांना त्या वेचावयास लावल्या आणि जो अधिक वेचील त्यास शाबासकी दिली. एक पत्र्याचा डबा भरला. आठ-दहा दिवसांत चवळीचे शेंडे माव्याने काळे झाले, त्यावर मुंग्या लागल्या आणि वेल गेला. पुढे मित्रकीटकांचा एक चित्रतक्ता पाहण्यात आला, तेव्हा त्या अळ्या ढालकिड्याच्या होत्या हे उमगले. वेल पुन्हा लावता आला. परंतु त्या वर्गातील चाळीस मुलांना मी जो पाठ दिला तो परत घेता आला नाही. त्यांपैकी पुष्कळजण आज स्वतः शेती करतात.

पाठाची योजना

इयत्ता तिसरी ते पाचवी यांसाठी हा पाठ तीन तासिकांत घ्यावा. पौष-माघ हा काळ सर्वांत सोयीचा.

पहिल्या तासिकेस मुलांना शेताच्या बांधावर किंवा परसबागेत न्यावे. मावा, मुंग्या, ढालकिड्याची अंडी, अळी, कोष व पूर्ण किडा यांचा शोध घ्यावा. प्रथम मुलांनी सांगावे, शिक्षकांनी ऐकावे. नावे मागाहून द्यावीत. घरी शेती असलेल्या मुलांकडील माहिती आवर्जून विचारावी.

दुसऱ्या तासिकेस प्रयोग करावा. काचेच्या बरणीत मावा असलेली चवळीची डहाळी ठेवावी. डहाळीवरील मावा भिंगाने मोजून संख्या फळ्यावर लिहावी. एक ढालकिडा आत सोडून तोंडास मलमल बांधावी. शेजारी दुसऱ्या बरणीत तशीच डहाळी ढालकिड्याविना ठेवावी. दुसऱ्या दिवशी दोन्हींतील मावा पुन्हा मोजावा. वजाबाकीचे हे उदाहरण मुले विसरणार नाहीत. रुईची डहाळी वापरावयाची असल्यास ती शिक्षकांनी स्वतः तोडावी. तिचा चीक डोळ्यांस अपायकारक असतो. मोजणी होताच ढालकिडा मुलांच्या हस्ते झाडावर सोडून द्यावा.

तिसऱ्या तासिकेस अंडी, अळी, कोष व किडा यांची चक्राकार आकृती काढून घ्यावी आणि वेष्टणावरील चार रंगांचा परिचय द्यावा. शक्य असल्यास गावच्या कृषी सहायकांस शाळेत बोलवावे. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या प्रकाशनांतूनही शिक्षकांस या विषयाची भर घालता येईल.

स्वाध्याय

१. ढालकिडा व एपिलॅक्ना भुंगेरा यांतील चार फरक लिहा.
२. माघ-फाल्गुनात ढालकिडे घरात का येतात ?
३. तुमच्या घरी फवारणीचे विष कोठे ठेवतात ? ते मुलांच्या हाती लागू नये म्हणून काय करता येईल, हे घरच्या मोठ्या माणसांशी बोलून लिहा.
४. आठवडाभर तुमच्या घरात आलेल्या कीटकांची नोंद ठेवा : दिवस, वेळ, ठिकाण, रंग व संख्या.

आरंभी उल्लेखिलेल्या शाळेत त्या दिवशी मधल्या सुट्टीत फवारणी झाली नाही. मुलांनी पाट्यांवर आणि कागदांवर किडे गोळा केले. त्या चौथीतील मुलीने सर्वांना शाळेमागच्या बांधावर नेले आणि कोणत्या झाडावर मावा आहे ते दाखविले. गुरुजी मुलांच्या मागे चालत होते. परत आल्यावर त्यांनी हजेरीपटाशेजारच्या वहीत तारीख घालून लिहिले : "ढालकिडे, ६४. सर्व सोडले." अशी एक वही आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक प्राथमिक शाळेत असावी, आणि तिची पहिली नोंद मुलांनी सांगितलेली असावी, एवढीच विनंती.